खडू ओला तिथवर

नवतपाचा चौथा दिवस. महालातल्या गल्लीत
सावलीसुद्धा भिंतीला चिकटून चाललेली.
मी बावडीत टेप सोडत होतो,
शेवटच्या मीटरला खडू फासून:
खडू ओला तिथवर पाणी.
आमच्या खात्यात याहून मोठं शास्त्र नाही.

वरच्या पायरीवर ती येऊन उभी राहिली.
डोक्याला ओला दुपट्टा, पायात कॅनव्हासचे बूट.
"उतरता येतं का हो अजून?"
"काहून नाही, मावशी," डोमाजी म्हणाला,
"फक्त सतरावी तुटली हाये."
"ठाऊक आहे. तेव्हाही तुटलेलीच होती."

एलिशेबा झिराडकर. अजनीच्या रेल्वे क्वार्टरमधली,
बाप मालगाडीवर गार्ड. आता लेकीकडे, अश्दोदला.
मराठी मात्र ट्रंकेत ठेवून गेल्यासारखी,
घडी न मोडलेली.

"नागपुरात तेव्हा आमची सहा घरं.
शनवार तेली हे नाव मागे कोकणात राहिलं,
शनिवार तेवढा सोबत आला.
लग्नाआधी बुडी घ्यायची, तर हौद कुठला?
नळाचं चालत नाही. बादलीनं भरलेलं चालत नाही.
पाण्यानं आपल्या पायांनी आलेलं असावं,
असं आई म्हणायची.
म्हणून पहाटे चारला टांगा केला, इथवर.

शेजारच्या कोष्टीणीनं, गिरजा परातेनं,
मागावरून नुकतं उतरलेलं लुगडं
दोन्ही हातांनी पसरून धरलं. पाठ फिरवून.
कोण, कुठले, काही विचारलं नाही.
फक्त एवढंच: 'पोरी, बांगड्या काढून राहिली का?
आमच्यात तं लग्नाले घालतेत.'

अंगठी, बांगड्या, केसांतली शेवटची पिन.
पाणी आणि कातडी यांच्यामध्ये
कुणी नको.
तीनदा गेले खाली.
तिसऱ्यांदा वर आले तर चौकोनात एक चांदणी,
आणि लुगड्याच्या आरपार कंदील."

ती थांबली. बावडीत कुठेतरी पारवा घुमला.

"गेल्या वर्षी नातीनं ऱ्हाईनकाठच्या गावी नेलं.
आमच्याच लोकांचं स्नानघर, नऊशे वर्षांचं.
तिकीट. कठडा. लालसर दगड.
कपडे ठेवायचा कोनाडा, बसायला दगडी बाक,
खाली दिव्यांनी हिरवं केलेलं पाणी.
ज्या राजाच्या काळात बांधलं त्याचं नाव पाटीवर होतं,
उतरून गेलेल्या एकीचंही नाही.
गाईड म्हणाला, हात लावू नका.
नात फोटो काढत होती तेव्हा मी लावला.
थंड. अस्सं थंड.
आणि मनात पहिलं काय आलं सांगू?
गिरजाच्या हातांना मुंग्या आल्या असतील."

मग ती उतरली, एकेक पायरी मोजत.
सतरावीला उजवीकडून गेली, न बघता.
खाली निर्माल्य, चिप्सची पाकिटं,
कुणाच्या तरी देवाचा थर्माकोलचा मुकुट.
"किती आहे?"
"अकरा मीटर चाळीस."
"मला बाविसाव्या पायरीवर गळ्यापर्यंत होतं."
आता चौतिसावी कोरडी. मी ते बोललो नाही,
तिला मोजता येत होतं.
"टँकरनं तर नाही ना भरत कुणी?"
"नाही. खालूनच येतं. थोडं येतं."
"मग चालतं," ती म्हणाली,
माझ्या साहेबानं आजवर
कुठल्याही नोंदीवर इतक्या खात्रीनं सही केलेली नाही.

अंगठी काढू लागली. सांध्याला सूज, निघेना.
थुंकी लावली, फिरवली, निघेना.
डोमाजी उगाच टेप पुसत पाठमोरा झाला.
मीही.
मागे पाण्याचा आवाज आला,
एवढासा. दोनदा.
तिसऱ्याची मी वाट पाहिली.

ती वर आली तेव्हा कोपरापर्यंत ओली होती,
आणि अंगठी बोटातच.
"गिरजाचं कुणी राहतं का इथे?"
डोमाजीनं समोरचं मोबाईलचं दुकान दाखवलं:
घर होतं ते तिथं.
तिनं तिकडे पाहिलं, दुपट्टा पिळला, आणि गेली.

फॉर्मवर 'उगम' असा रकाना असतो.
आम्ही तो बहुधा कोराच सोडतो.
मी लिहिलं : झरा.

तोवर खडू वाळून गेला होता.
मोजणी पुन्हा घ्यावी लागली.
अकरा मीटर एकोणचाळीस.
"टेप तिरपी झाली असन," डोमाजी म्हणाला.
असेल.
मी दुसरीच लिहिली.