बाभूय सापडत नाही

शाळेच्या लिलावात चारशेला घेतलेला संगणक.
चोपकर सर बदलीआधी त्यात लिनक्स टाकून गेले.
फुकट आहे, म्हणाले, पण डोकं लागते.

गावात रेंज पाण्याच्या टाकीवर चढल्यावर.
म्हणून फायली पेन ड्राइव्हवर, आर्वीहून.
भाचा भरून देतो, कंडक्टर हरणखेडे आणतो
सुट्ट्या पैशांच्या खिशात.

काम एवढंसंच:
बेबीबाई ढोकेंच्या मालकांचा फोटो
तेरवीच्या आत मोठा करायचा.
खांद्यावर कोणाचा तरी हात आलाय, तो काढायचा.

सोमवारी गिम्प टाकलं. म्हणालं, गेगल पाहिजे.
मंगळवारच्या एसटीनं गेगल आलं.
म्हणालं, बी-ए-बी-एल पाहिजे.
मी वाचलं, बाभूळ.
खिडकीबाहेर नाल्याच्या काठानं, धुऱ्यावर,
स्मशानाच्या वाटेवर बाभळीच बाभळी,
आणि हा म्हणतो, सापडत नाही.
हरणखेडे हसला. "बाभूय? टपावर टाकून आणू का?"

बुधवारी आली ती जुनी निघाली.
नवीला आणखी एक लागते, ते घरातच आहे,
पण त्याला धरून भलतंच कोणी बसलंय.
उठवलं तर पडद्यावरचं घड्याळ जाईल, आवाज जाईल.
हो का नाही, एवढंच विचारते.
मी नाही म्हटलं.

लग्नपत्रिकेच्या पाठीवर नावं लिहिली, बाण काढले,
कोण कोणावर टेकलंय.
दोन बाण एकमेकांकडेच वळले
तेव्हा उठून चहा मांडला.

शुक्रवारी सतरा फायली. लाइन आली रात्री साडेबाराला.
सगळ्यांना एकाच ओळीत हाक मारली.
आधी कोण, मागून कोण, तुमचं तुम्ही पाहा.
ओळी धावत राहिल्या
कुत्री भुंकून थांबेपर्यंत.
मग ब्रश उघडला, आणि बोट बोट करून
तो हात पुसला. मागची भिंतही जुळवली.

सकाळी बेबीबाईंनी पाहिलं. पुन्हा पाहिलं.
"हे पडतीन ना आता."
"काहून?"
"थो हात किसन्याचा व्हय बाई.
लकव्यानंतर याईले थोच उभं करे.
म्या त डाग काढ म्हटलं होतं, वरचा, पानाचा."

डाग मला दिसलाच नव्हता.

कंट्रोल झेड दाबत गेले.
आधी अंगठा आला,
मग बोटं, मग मळकी बाही,
आणि बाहीवर, तसाच, पानाचा डाग.