चौदाव्या मैलाची तयारी

फ्रीजच्या दारावर दोन तक्ते, एकाच चुंबकाखाली:
एक हॉस्पिटलच्या पाळ्यांचा, एक भरती-ओहोटीचा.
महिनाभर त्यांचा एकमेकांशी अबोला.
परवा बोट फिरवता फिरवता सापडला
एक गुरुवार,
पहाटे पाच चाळीसची ओहोटी,
आणि बुधवारची रात्र माझ्या नावावर नाही.
मागानो सिस्टरना दोनदा विचारून घेतलं.
त्या म्हणाल्या, कुणाचं लग्न आहे का?
म्हटलं, तसंच समजा.

वॉल्विस बेच्या दुकानातून आणलं
तारल्यांचं गोठलेलं खोकं,
आमिष बांधायला रबरी दोरा,
नवा तंगूस,
आणि शिशाची सहा वजनं, तारांचे पाय असलेली,
कारण गुळगुळीत वजनं तिथल्या ओढीत
भाडेकरूंसारखी जागा बदलत राहतात.
खोकं फ्रीजरमध्ये, तांगेनीच्या आइसक्रीमशेजारी.
सकाळी पाहिलं तर डब्यावर त्याच्या अक्षरात:
'यात मासे नाहीत. कुणी उघडू नये.'

परवान्याची मुदत पाहिली.
मापपट्टी शोधली, ती निघाली त्याच्या दप्तरात.
चाळीसच्या आत भरला कबेलयाऊ
तर परत पाण्यात.
त्याची समजूत काढावी लागत नाही,
आपलीच काढावी लागते, घरी येईपर्यंत.

मंगळवारी संध्याकाळी कुंपणापलीकडून हाक आली.
इझाक गोवासेब.
मिठागरात उभा जन्म गेला, आता गुडघे गेले.
दर शुक्रवारी त्यांचा रक्तदाब मी मोजते
आणि त्यांच्या चुलीवर पथ्याचा कागद
मीच चिकटवला आहे. पहिली ओळ: मीठ नाही.

ते सांगत राहिले.
पूर्वेचा वारा सुटला तर निघूच नकोस,
अख्खं वाळवंट डोळ्यांत मुक्कामाला येतं.
मऊ वाळू लागली की चाकांतली हवा निम्मी कर.
पाणी निवळ दिसलं तर थांबू नकोस, पुढे जा,
आपल्याला गढूळ हवं.
आणि लांब फेकू नकोस. लांब पोरं फेकतात.
मासा पायाशी जेवत असतो.

मला सगळं पाठ आहे. तरी ऐकलं.

मग त्यांनी फडकं सोडलं.
आत त्यांचं रीळ,
दर खेपेला गोड्या पाण्यानं धुतलेलं,
शिलाई मशीनचं तेल पाजलेलं,
तीस वर्षांत एक रात्रही खारट न झोपलेलं.
हे घेऊन जा, म्हणाले.

मी म्हटलं, मासा आणते तुमच्यासाठी.
नको. बटाटा अळणी, मासाही अळणीच होणार.
रीळ मात्र धुऊ नकोस.
आहे तसं आण. मी धुईन.
मी म्हटलं, गंजेल ना.
गंजायला रात्र लागते, ते म्हणाले,
तू दुपारी येशील.

नर्सनं काय म्हणायला हवं होतं
ते मला ठाऊक आहे.

बुधवार. तारल्या सिंकमध्ये वितळताहेत,
घराला बंदराचा वास.
थर्मास, टॉर्च, चाकू, कोरडे मोजे,
पावाचे दोन तुकडे, तिसरा सीगलसाठी नाही,
मागच्या वेळी तोच पहिला गेला होता.
बाहेर धुकं रस्त्यावर उतरतंय, म्हणजे पूर्वेचा वारा नाही.
गजर सव्वातीनचा, आणि दुसरा तीन वीसचा,
कारण मी मला ओळखते.

बादलीत सगळ्यात खाली ठेवली
एक घट्ट तोंडाची पिशवी,
ओल्या रिळासाठी.

दिवा घालवताना दिसलं,
इझाकच्या पायरीवर आत्ताच
घमेलं काढून ठेवलंय,
पालथं,
धुक्यानं भरू नये म्हणून.