डावा हात

जामनेर रोडला आमचं दुकान. दुकान म्हणजे चार पत्रे,
पाण्याचं एक पिंप
आणि त्यात भिजत पडलेला वेत.
मे महिन्यात भुसावळला वेत बाहेर काढला
की बिडी ओढून होईस्तोवर कडक होतो,
म्हणून मी ओलं गोणपाट मांडीवर घेऊन विणते.

पुखराज शेठनं टेम्पोतून खुर्ची उतरवली.
लांब हातांची. बर्मा साग.
पाठ अशी मागं कललेली, की बसणाऱ्याला
छत दिसावं, हलणारा पंखा दिसावा,
पंख्याची दोरी ओढणारा दिसू नये.
दोन्ही हातांखाली एकेक फळी, खिळीवर फिरणारी.
ती बाहेर ओढायची, पाय वर टाकायचे,
मग कुणीतरी खाली बसून बूट काढायचे.
ज्यानं ही खुर्ची मनात आणली
त्याला टाचेची उंची बरोब्बर ठाऊक होती.

पण इथं आल्यावर त्यालाही शिकावं लागलं.
मखमल घामानं कुजली, गादीत ढेकूण झाले,
तेव्हा साहेब बाजेच्या शास्त्रावर आला:
भोकं ठेवा, खालून वारा येऊ द्या.

पुढं कॅनव्हास आलं, घडी घालून काखेत मारायचं.
मग लोखंडी नळ्या. मग फोम, रेक्झिन,
उठताना मांडीला चिकटून सोबत येणारं.
मग प्लास्टिक, एकावर एक बारा,
लग्नाला भाड्यानं.
दर वेळी पाठ थोडी सरळ होत गेली.
बाबा म्हणायचे, लोकायले आता निजाले टाइम नाही.

शेठ म्हणाला, पुण्याला जाईल. साहेबाची म्हणून.
उलटी केली तर पायाच्या आत
पांढऱ्या रंगात रेल्वेची अक्षरं, एक आकडा.

बाबांचं अजून एक होतं:
बसनाऱ्याले नको इचारू, लाकडाले इचार.
विचारलं.
डावी फळी मधोमध खोल, जुन्या तव्यासारखी,
टाच मावेल एवढी.
उजवी निघेचना. लाकडी हातोडीनं ठोकली
तेव्हा पहिल्या पॉलिशचा थर कडकन तुटला
आणि आत साग निघाला, कालच रंधा मारल्यासारखा.
उजव्या हाताच्या टोकाला तेवढी एक खाच,
कुबडी टेकवून टेकवून पडते तशी.

सुपडू सपकाळे नावाचा एक पाइंटमन होता यार्डात.
दोन डब्यांमधे पाय गेला, हिवाळ्यातल्या पहाटे.
नंतर रेल्वेच्या लिलावात त्यानं साहेबाची खुर्ची घेतली,
सात रुपयांना,
आणि क्वार्टरच्या दारात ती मांडून
येणारी-जाणारी प्रत्येक गाडी पाहिली.
बाबांनी दोनदा विणून दिली होती त्याची.
ही तीच का, कोण सांगणार.
भुसावळात पाय गेलेले पुष्कळ होते.

शेठला सांगितलं. तो म्हणाला, कौसाबाई,
दोन्ही हात सारखे कर.
खळगा भरता येत नाही,
आजूबाजूचं उतरवावं लागतं.
आधी जाड पॉलिशपेपर, मग बारीक.
दिवसभर माझ्या नाकातोंडात
एका टाचेची वीस-पंचवीस वर्षं.
अठराशे रुपये ठरले होते. घेतले.

मग वेत. आधी उभा, मग आडवा,
मग दोन तिरपे, सहा कोनांचं घर जमेपर्यंत.
डावीकडे ताण जरा कमी ठेवला,
ज्वारीच्या दाण्याएवढा.
डोळ्यांना दिसत नाही. शेठनं हात फिरवला,
म्हणाला, झकास.

पुण्यात कुणी बसेल. का ते न कळता
किंचित डावीकडे कलेल.
पाय पसरावेसे वाटले, तर आधी डावीच फळी ओढेल.

उजवीच्या खिळीला मी तेल घातलेलं नाही.