रकाना तिसरा

सांगलीहून आलेल्या तक्त्यात
शिक्षकाचं व्यक्तिमत्त्व बारा रकान्यांत आहे.
पोशाख. वक्तशीरपणा. वर्गावरची पकड.
तिसरा : आवाज व उच्चार, गुण पाचपैकी.
समोर नव्या बाई भागाकार शिकवताहेत,
खणखणीत, वर्गाकडे पाठ न करता,
आणि माझं पेन तिसऱ्यावरच अडलंय.

उमदीच्या शाळेत भूपाल मगदूम सर
म वर अडायचे.
पहिल्या दिवशी आडनाव सांगायला गेले,
ओठ मिटले, मानेची शीर तटतटली,
शेवटी खडू घेऊन लिहूनच टाकलं फळ्यावर.
मागं कुणीतरी फिस्सकन हसलं.
‘हसा,’ म्हणाले, ‘पण शब्द पुरा झाल्यावर.’

आम्ही घरी कन्नड बोलणारी पोरं.
मराठी आमच्या तोंडात कढत भातासारखी,
या गालातून त्या गालात.
आधीचे गुरुजी आमचं वाक्य मधेच तोडून
उरलेलं स्वतःच बोलत.
हे थांबायचे.
मलकारी ‘त्रिकोण’ म्हणेपर्यंत
चिंचेखाली जतची एसटी येऊन, वळून, निघून जायची.
सर डस्टर हातात धरून तसेच उभे.

तसे काही देवमाणूस नव्हते.
तंबाखू खायचे. वह्या महिना महिना पडून.
एकदा बसगोंडाला फार मारलं,
आणि संध्याकाळी त्याच्या वस्तीवर गेले.
काय बोलले, त्यानं कधी सांगितलं नाही.
दुसऱ्या दिवशी दोघं एकाच सायकलवरून आले.

आणि हजेरी.
महानंदा मल्लाप्पा माळी,
एका ओळीत तीन धोंडे.
‘सतरा नंबर’ म्हणता आलं असतं.
‘ए पोरी’ चाललं असतं, घरी तेच चालायचं.
पण रोज ते ओठ मिटायचे,
अख्खा वर्ग श्वास धरून बसायचा,
कुणी शब्द पुरवायचं नाही,
आणि मग यायचं माझं नाव वर
उन्हाळ्यातल्या विहिरीतून शेंदलेल्या घागरीसारखं,
निम्मं सांडत.
‘हजर,’ मी म्हणायचे. हळू.
इतक्या कष्टानं आलेल्या नावाला
ओरडून कसं उत्तर द्यायचं?

बाईंनी प्रश्न विचारलाय.
खिडकीजवळचा पोरगा उभा राहतो,
ओठ हलतात, बोटं चड्डीच्या शिवणीवर काहीतरी मोजतात.
बाईंची नजर माझ्याकडे, मग घड्याळाकडे.
उत्तर त्या स्वतःच सांगून टाकतात.
बरोबर. स्पष्ट. शेवटच्या बाकापर्यंत.

तिसऱ्या रकान्यात मी पाच लिहिते.
खोटं नाही ते.

पोरगा अजून उभाच आहे.