आवड : एकच लिहावी

फॉर्मवर रकाना होता : आवड.
खाली बारीक अक्षरात, एकच लिहावी.
आमच्या घरी आवड विचारतात ती एवढीच,
तुकडा डोक्याकडचा देऊ की शेपटीकडचा.
मी पेन धरून उभी.
खिडकीतला माणूस म्हणाला, लिहा काहीतरी, रांग खोळंबलीय.
मी लिहिलं, खाडी.

अशा अकरा जणी निघालो, खाडीवाल्या.
नेरुळच्या वसतिगृहाचा चौथा मजला आमचा,
तिसरा नाटकवालींचा,
दुसऱ्यावर गणितवाल्या, रात्री सगळ्यांत जास्त भांडणाऱ्या.
एकत्र राहायचं, एकत्र जेवायचं,
सकाळी आठला एकाच वर्गात एकत्र पेंगायचं.
घर जवळ असलं तरी मुक्काम इथेच, असा नियम.

माझं घर करावे गावात.
चालत बावीस मिनिटं.
आईला गच्चीवरून आमच्या खोलीची ट्यूबलाइट दिसते.
फोन येतो, दीड वाजला, निज आता.

खोलीत सुगंधा वळवी, धडगावची.
पहिल्याच दिवशी भरती पाहिली, मग ओहोटी,
आणि विचारलं, पाणी कुणी नेलं?
तन्झीला मुंब्र्याची, खारफुटीच्या जातींची लॅटिन नावं
परीक्षेच्या आधी तसबीह ओढावी तशी पुटपुटणारी.
इझाबेल डाबरेने लिहिलं होतं गायन.
तो मजला भरला होता.
उरलेल्या पाच-सहा जणी सरळ फ्लेमिंगोंसाठी आलेल्या,
दुर्बिणी गळ्यात घालूनच जेवायला बसायच्या.

त्यांना खाडी आवडायची.
मला पाचवीतला बाक आठवायचा,
शेजारची मुलगी नाक दाबून उठून गेली तो.
गाव कुठलं विचारलं तर मी सीवूड्स सांगायचे.

मग एका मंगळवारी देवस्थळी मॅडमनी पडद्यावर
चिखलात हातांवर चालणारा मासा दाखवला.
पेरिऑफ्थॅल्मस, त्या म्हणाल्या. अकरा वह्यांत अकरा स्पेलिंगं.
आणि माझ्या तोंडून निसटलं,
निवटी.
काय म्हणालीस?
निवटी, मॅडम. कालवणाला चांगली लागते.
वर्ग हसला.
मॅडम हसल्या नाहीत, फळ्यावर लिहायला वळल्या,
निवटीतली टी ऱ्हस्व की दीर्घ, मला विचारलं.
आजवर कुणी लिहिलीच नव्हती,
मी काय सांगणार?
दीर्घ, म्हटलं, अंदाजाने.

रविवारी ओहोटी पावणेसातची.
दहा जणींना गावामागच्या बांधावरून खाली नेलं,
उघाडीच्या पलीकडे, जिथे दुर्बीण लागत नाही.
थांबू नका, एवढंच शिकवलं. थांबलं की रुतलं.
फ्लेमिंगोवाल्या थांबल्या.
सुगंधा डोंगर उतरावा तशी तिरकी चालली, तिला जमलं.
तन्झीलाची एक चप्पल गेली, ती अजून तिथेच आहे.
कोपरापर्यंत हात बिळात घालून
मी एक निवटी काढली, ओल्या साबणासारखी,
तळहातावर ठेवली.
तिने डोळे मिटले, एक आधी, मग दुसरा.
इझाबेल नकळत काहीतरी गुणगुणायला लागली
आणि आसपासच्या सगळ्या निवट्या
एका दमात बिळांत पसार.
तिला फार हसू आलं. आम्हालाही.

बांधावर आई येऊन उभी होती, कमरेवर हात.
बराच वेळ बघत राहिली.
मग म्हणाली, आनि याची फी पन घेतान?

रात्री वॉर्डनबाईंनी जिन्यावरची पावलं मोजली,
माणशी पन्नास रुपये दंड.
पावतीवर रकाना होता : कारण.
बाई अडल्या. मीच सांगितलं, चिखल लिहा.

पावती वहीत आहे, निवटीच्या पानात.
पुढच्या वर्षी हे मजले मोडतात,
मग जिला जिथे खोली मिळेल तिथे.
इझाबेल म्हणते, फॉर्म पुन्हा आला तरी ती गायनच लिहील.
लिहू दे.

दीड वाजला. फोन वाजतोय.
सांगते आईला,
निजतेय गं, बाथरूमला रांग आहे,
अजून चौघींचे पाय निघायचेत.