फेरा

महापे, एमआयडीसी, दुसरा मजला.
खिडकीतून पारसिकचा डोंगर दिसतो,
म्हणजे खाणीनं ठेवलाय तेवढा.
टेबलावर तक्रार: फोन लागतो, पण कुठेच वाजत नाही.
तक्रारदार भिकाजी हेंद्रे, नेरूळ, सेक्टर सहा,
निवृत्त मापाडी, कांदा-बटाटा मार्केट, तुर्भे.

आधी हसले.
मग दोन वर्तुळं काढली, त्यांच्यात बाण.
हेंद्रे झोपताना आपला फोन लेकीच्या मोबाइलवर वळवतात.
गावाकडून रात्री-अपरात्री काही आलं तर ती जागी असते.
शालन ऐरोलीच्या लॅबमध्ये रात्रपाळीला.
मोबाइल लॉकरमध्ये ठेवावा लागतो,
म्हणून ती आपला फोन बापाकडे वळवते.
ते घरीच असतात.

पहिलं वळवणं बरोबर, सहा महिने तपासलेलं.
दुसरंही बरोबर, तोच कोड.
आणि या दोन बरोबरांच्या मधल्या तारेत
एक घंटी घाण्याच्या बैलासारखी फिरत राहिली
झापडं लावून, कुणाच्याही कानावर न पडता.

टिपणीस म्हणाले, सगळ्या सेवा पास झाल्यात ना? मग?
मी म्हटलं, सर, जावा-जावा आपापल्या माहेरी गुणीच असतात.
चूल एक झाली की कळतं.
ते हसले नाहीत. त्यांना दोन सुना आहेत.

मग रीतसर बसले.
प्रत्येक सेवेचं एक यंत्र, यंत्राच्या अवस्था:
निवांत, वाजतोय, व्यस्त, वळवलेला.
आणि सगळ्यांच्या वर गणिताच्या भाषेत एकच विधान,
की कुणी हाक मारली तर कधी ना कधी
कुणीतरी हॅलो म्हणेल,
नाहीतर हाक मारणाऱ्याला सरळ नाही म्हणून सांगितलं जाईल.
एवढंच मागितलं होतं.
रात्रभर चौदा लाख अवस्था चाळून
सकाळी यंत्रानं पायाशी प्रतिउदाहरण आणून टाकलं,
मांजर उंदीर आणून टाकतं तसं.
अकरा पायऱ्या, आणि अकरावीवरून पुन्हा तिसरीवर.

उपाय सोपा होता. पाचव्या उडीला थांब, आणि वाज.
पण कुठे?
सिद्धता विसंगती दाखवते,
कुणाचं ऐकायचं ते तिला विचारू नये.
ते विचारायला मी नेरूळला गेले.
हेंद्र्यांनी लाह्यांचा चिवडा पुढे केला, म्हणाले,
माझ्याकडंच वाजू द्या, पोरीला कामात कशाला.
संध्याकाळी लॅबच्या फाटकाशी शालन म्हणाली,
माझ्याकडेच. साहेबांना सांगून लॉकरबाहेर ठेवीन.
बाबांची झोप शेवरीच्या कापसासारखी,
एकदा उडाली की गेली.

एकाचं दुसऱ्याला सांगितलं नाही.
वहीत लिहिलं: मागणीतच फेरा आहे.

शेवटी ठरवलं, दोन्हीकडे वाजू दे,
आधी उचलेल त्याचा फोन.
यंत्र पुन्हा लावलं. फेरा गेला.
विधान सगळीकडे खरं ठरलं, टिपणीसांनी चहा सांगितला,
तेवढ्यात तपासणीत एक सांदीतला माग निघाला.

दोघांनी एकाच क्षणी उचललं
आणि त्याच क्षणी पलीकडच्यानं कंटाळून ठेवलं,
तर जोडणी सुटत नाही.
बाप आणि लेक, रात्रीचे अडीच,
एक नेरूळला, एक ऐरोलीला,
एकमेकांना जोडलेले राहतात,
कुणीच कुणाला फोन केलेला नसताना.

चहावर साय धरेपर्यंत मी तो माग वाचत होते.
सहाच पायऱ्या.
मग दोष म्हणून नोंदवला, कारण तो दोष आहे.
क्रमांक दोनशे एकतीस.
तीव्रता: किरकोळ.
दुरुस्ती: पुढच्या आवृत्तीत बघू.