नव्या मालकांसाठी, ओट्यावर

प्रिय ओसेई मंडळी,
किल्ल्या दलालाकडून मिळाल्याच असतील.
कागदपत्रांत जे नाही
ते इथं लिहून ठेवते.

पाण्याचा मुख्य कॉक
कीथलीत सगळ्यांच्या सिंकखाली असतो.
आपल्या घरी (माफ करा, तुमच्या घरी)
जिन्याखालच्या कपाटात, गालिच्याचा कोपरा उचलून,
सैल फळीच्या खाली.
उजवीकडे फिरवला की बंद.
वर्षातून दोनदा उगाच फिरवत जा,
नाहीतर ऐन वेळी ओळख देत नाही.
एक्याऐंशीच्या डिसेंबरात माळ्यावरचा पाइप फुटला,
डेसमंड बादल्या घेऊन धावत होता,
मी मेणबत्ती घेऊन हाच कॉक शोधत होते,
आणि छताचा गिलावा पाळण्यात पडला.
बाळ माझ्या कडेवर होतं.
माळ्यावरच्या पाइपांना आता जाड फोम आहे.
कोपऱ्यावर दोरी बांधली आहे, ती सोडू नका.

रेडिएटर वरून थंड, खालून गरम असेल
तर आत हवा.
वरून गरम, खालून थंड, तर तळाशी गाळ.
दोन दुखणी, दोन औषधं. गाळाला माणूस बोलवा,
हवेला तुम्ही पुरेसे आहात.
आधी हीटिंग बंद. निवू द्या. घाई नको.
खाली जुना टॉवेल, हातात छोटी चावी,
डावीकडे पाव फेरा, जास्त नाही.
सूं करून हवा जाईल, मग तो थुंकेल,
मग काळं पाणी. पाणी आलं की लगेच बंद.
मी एकदा कौतुकानं बघत बसले.
तो डाग घर दाखवताना कपाटाआड होता.
कपाट मी नेलं आहे,
तेव्हा दिसलाच असेल.

नंतर बॉयलरचा काटा बघा,
एक आणि दीडच्या मध्ये हवा.
खाली गेला असेल तर चंदेरी वेणीच्या नळीवरचा खटका
जरासा उघडा, काटा चढला की मिटा.

छोट्या खोलीतला रेडिएटर
नेव्हिलनं, माझ्या दिरानं, व्हॉल्व्हसकट रंगवला.
ब्लेडनं कडेची रेघ कापून मगच फिरवा.
जोर लावू नका. नेव्हिलनं लावला होता.

कडाक्याच्या थंडीत बॉयलर गुळण्या करू लागला
तर मागच्या भिंतीवरची पांढरी नळी गोठली समजा.
कोमट पाणी ओता. उकळतं नाही.
उकळत्याचं काय होतं ते शेजारच्या विनिफ्रेडला विचारा,
पण चहाला वेळ ठेवून विचारा.

गॅसचा वास आला तर मात्र
काहीही दुरुस्त करू नका.
दिव्याच्या बटणाला हात नको, खिडक्या उघडा,
बाहेर पडा आणि बाहेरून फोन करा.
तिथं शहाणपण चालत नाही.

न्हाणीघरातला गरम पाण्याचा नळ ठिबकतो.
अर्ध्या इंचाचा वायसर खिडकीत काडेपेटीत आहे,
पाना पहिल्या खणात.
हे काम करायचं राहिलं.
खरं तर राहिलं नाही, मी ठेवलं.
डेसमंडला पाना कसा धरायचा ते शेवटपर्यंत कळलं नाही,
पण रात्री नळ ठिबकला की
"मॉरीन, तुझा नळ" म्हणायचा, आणि घोरायला लागायचा.
तुम्ही बदला. दहा मिनिटांचं काम आहे.
आधी पाणी बंद करा,
सिंकच्या भोकात चिंधी कोंबा,
नाहीतर स्क्रू थेट खाली.

रेडिएटरच्या चाव्या दोन होत्या.
एक इथं, या कागदावर वजन म्हणून.
दुसरी चुकून माझ्या पर्समध्ये आली.
नव्या फ्लॅटमध्ये सगळं विजेवर आहे,
भिंतीवर एक बटण. चावी लागेल असं
तिथं काहीच नाही.
पाठवून देईन म्हणते,
पण तुमच्याकडे एक आहेच.

मॉरीन थॅकरे